तंबाखू सोडायची तयारी आणि दारात आलेला संशोधनाचा फॉर्म: गोव्यातल्या वस्त्यांसाठी मार्गदर्शक

२०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात गोव्यातले ९.७ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असे दिसले. देशाचा आकडा २८.६ टक्के होता आणि सगळ्या राज्यांत गोवा सर्वांत खाली. यामागे बरेच काम आहे. डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी इथे वर्षानुवर्षे तंबाखूविरुद्ध आवाज उठवला. सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान आणि थुंकणे रोखणारा कायदा गोव्याने १९९७ सालीच केला, देशाचा कायदा २००३ मध्ये आला.

पण राज्याच्या सरासरीत पणजीच्या मिरामारचा उंची फ्लॅट आणि बायण्यातली दहा बाय दहाची खोली एकत्र मोजली जाते. वास्कोतले बायणा, मांगोरहिल, झुआरीनगर, मडगावचा मोती डोंगर, ताळगावचा कामराभाट, चिंबलचे इंदिरानगर अशा वस्त्यांतून कामाला निघणाऱ्या माणसांना विचारा. बोटीवर, बांधकामावर, बंदरात तंबाखू कामाच्या तासांतच मिसळलेली असते. आगीच्या भीतीने जिथे विडी पेटवता येत नाही तिथे गालात पुडी असते. घरात आईची मशेरी असते. ही माणसे 'अडाणी म्हणून' तंबाखू खातात असे जे बोलले जाते ते मला अजिबात मान्य नाही. तंबाखूतल्या निकोटीनची पकड शिकलेल्यालाही सुटत नाही. यांच्याकडे वेळ, एकांत आणि डॉक्टर या तीन गोष्टी कमी आहेत, एवढाच फरक. म्हणून पुढची सगळी मांडणी हे धरूनच केली आहे.

आधी मोजा, सोडू नका

पहिले तीन-चार दिवस नेहमीसारखेच वागा, फक्त प्रत्येक विडी, प्रत्येक चिमूट, प्रत्येक पुडी मोजा. मोबाइलमध्ये लिहा. लिहिता येत नसेल तर सकाळी एका खिशात चिंचोके घाला आणि प्रत्येक वेळी एक दुसऱ्या खिशात टाका. रात्री मोजताना आठवा: कुठे होतो, कोण बरोबर होते, त्या क्षणी नेमके काय हवे होते?

मोजल्यावर कळते की सगळ्या वेळा सारख्या नसतात. सार्वजनिक संडासाच्या रांगेतली पहिली विडी ही शरीराची मागणी असते. सिमेंटची गाडी रिकामी झाल्यावर मुकादमाने पुढे केलेली चिमूट ही संगत असते. दुपारी एक वाजता भरलेला बार बहुतेक वेळा भूक मारण्यासाठी असतो, कारण जेवायची सुट्टी दोनला असते. रात्रपाळीतला बार झोप येऊ नये म्हणून असतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. भुकेच्या तलफेवर मनाचा निग्रह फार चालत नाही, तिथे खिशातले भाजलेले चणे किंवा सकाळी पोदेराकडून घेतलेला एक जास्तीचा पाव कामाला येतो.

दोन गोष्टी वेगळ्या टिपून ठेवा. उठल्यापासून किती मिनिटांत पहिली तंबाखू लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीर जास्त अवलंबून आहे, आणि हे डॉक्टरांना सांगणे उपयोगाचे आहे. दुसरी, दिवसाचा खर्च. रोज ३० रुपये जात असतील तर वर्षाचे १०,९५० होतात. हा आकडा घरात सगळ्यांसमोर बोलून दाखवा.

आरशात तोंड बघा

उजेडात आरसा धरा. गाल, जीभ, जिभेखालचा भाग, हिरड्या बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, कारण नसताना हलणारा दात, मानेतली गाठ, बसलेला आवाज यांपैकी काहीही असेल तर सोडण्याचा दिवस ठरेपर्यंत थांबू नका, आधी दाखवून या. तोंड उघडून तीन बोटे उभी आत घाला. जात नसतील, किंवा साधी आमटीसुद्धा तिखट लागून तोंड भाजत असेल, तर सुपारी-गुटख्याने गालाच्या आतली कातडी ताठ होण्याचा आजार सुरू झालेला असू शकतो. ताठ झालेली कातडी पूर्ण पूर्ववत होणे कठीण असते, म्हणून लवकर थांबणे फार महत्त्वाचे. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे, तिथे हे तपासून मिळते.

सुपारीबद्दल स्पष्ट सांगायला हवे. गुटख्यावर गोव्यात बंदी आहे, पण गाड्यावर पानमसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या शेजारी शेजारी लटकतात आणि त्या हातावर एकत्र होतात. तंबाखू सोडून नुसता पानमसाला धरणारे अनेक जण भेटतात. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे. तेव्हा सोडायची तर दोन्ही पुड्या.

दिवस ठरवा

पुढच्या दोन आठवड्यांतला एक दिवस निवडा. एका दिवशी पूर्ण थांबणे बहुतेकांना 'हळूहळू कमी करतो'पेक्षा जास्त जमते. मात्र दिवस विचारपूर्वक घ्या. वास्कोच्या सप्ताहाच्या फेरीचे (जत्रेचे) दिवस, चवथीला गावी जाण्याचा आठवडा, स्लॅब टाकायचा दिवस हे नकोत. गावी गेल्यावर काका-मामा चंची पुढे करतात आणि नाही म्हणणे जड जाते. पगार झाल्यानंतरचा साधा कामाचा दिवस बरा.

आदल्या रात्री घरातली डबी, चुन्याची डबी, लायटर, उशीखालचा शेवटचा बंडल सगळे टाकून द्या. 'पाहुण्यांसाठी' म्हणून ठेवू नका. घरात, कामावरच्या एका मित्राला आणि ज्या गाड्यावर उधारी आहे त्या गाडेवाल्याला सांगा. उधारी फेडून टाका, कारण ती द्यायला जाताना पुन्हा पुडी हातात येते.

मशेरी लावणाऱ्या बायांसाठी

हा भाग मी मुद्दाम मोठा लिहितो आहे, कारण तंबाखूमुक्तीचे बहुतेक सल्ले सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. सोलापूर, कोल्हापूर, बेळगावकडून आलेल्या घरांत मशेरी किंवा मिश्री ही दात घासायची वस्तू समजली जाते. ती व्यसन वाटतच नाही. तव्यावर तंबाखू भाजून काळी केली, चुरली आणि डबीत भरली. पण सकाळी एकदा लावणारी बाई पुढे दुपारी, संध्याकाळी, जीव घाबरला की, भांडण झाले की लावू लागते. तंबाखू भाजल्याने तिच्यातले निकोटीन नाहीसे होत नाही. एका खोलीच्या घरात भाजताना होणारा धूर लेकरांच्याही छातीत जातो. गरोदरपणी मशेरी लावली तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा आणि पोटातच दगावण्याचा धोका वाढतो.

सोडताना बाया तीन अडचणी सांगतात आणि तिन्ही खऱ्या आहेत.

'मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.' निकोटीन आतड्यांना चालना देते, त्यामुळे सोडल्यावर बद्धकोष्ठ होते. साधारण काही आठवड्यांत शरीर सावरते. तोवर उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, पपई किंवा केळे, रात्री इसबगोल. पाण्याचा नळ दोन दिवसांआड येत असेल तर पिण्याचे पाणी वेगळे भरून ठेवा, कारण पाणी कमी प्यायले की ही अडचण दुप्पट होते.

'दात ठणकतो, मशेरीने बधिर होतो.' मग आधी दाताचा इलाज करा. किडलेला दात तसाच ठेवून मशेरी सोडली तर तिसऱ्या दिवशी डबी परत उघडेल. सरकारी दवाखान्यात किंवा दंत महाविद्यालयात दात दाखवा आणि त्यानंतरचा दिवस निवडा.

'तोंड धुतल्यासारखे वाटत नाही.' दात घासायला साधी टूथपेस्ट किंवा मीठ घ्या, बोटाऐवजी ब्रश वापरा आणि घासायची जागा बदला. मशेरीची बैठक ही अनेक घरांत बायांची दिवसातली एकमेव निवांत वेळ असते, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवे. मशेरी काढून घेतली आणि ती दहा मिनिटेही काढून घेतली तर तिच्या हाती काहीच उरत नाही. त्या वेळी तिला चहा हातात द्या आणि पाणी भरायला दुसरे कुणी जा. शेजारच्या दोघी-तिघींनी एकाच दिवशी सोडली तर फारच उत्तम, कारण मशेरी मागायलाही शेजारीच जायचे असते.

औषधाची मदत

औषध घेणे म्हणजे मन कमकुवत असणे, हा समज मनातून काढा. निकोटीनचा २ मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात मिळतो, ४ मिलिग्रॅमचा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. तो साध्या च्युइंगमसारखा सलग चघळायचा नसतो. चार-पाचदा चावा, जिभेला झिणझिण्या किंवा तिखट चव जाणवली की थांबा आणि गालात दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा चावा. एक गम असा अर्धा तास चालतो. चहा-कॉफी किंवा सोड्यानंतर पंधरा मिनिटे घेऊ नका, निकोटीन नीट शोषले जात नाही. भराभर चावला तर मळमळ, उचकी लागते आणि माणूस 'मला सोसत नाही' म्हणून गम टाकून देतो. सुरुवातीला तलफेच्या वेळांप्रमाणे घ्या आणि दोन-तीन महिन्यांत कमी करत बंद करा. गरोदर बाई, अठराखालचा मुलगा, नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला माणूस यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपियॉन या गोळ्या डॉक्टरच देतात. फेफरे येत असेल तर बुप्रोपियॉन चालत नाही, तेव्हा ते आधी सांगा.

आणखी एक सूचना क्वचित कुणी देते. मानसिक आजाराच्या काही गोळ्या (क्लोझापिन, ओलान्झापिन) आणि दम्याची थिओफिलिन यांचे रक्तातले प्रमाण विडी-सिगारेट थांबल्यावर वाढू शकते. या गोळ्या चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांना भेटा. ई-सिगारेट हा पर्याय नाही. २०१९ च्या कायद्याने देशात तिची विक्रीही बंद आहे.

पहिला आठवडा

दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोप न लागणे, डोके जड, हातांना काहीतरी हवेसे वाटणे, लेकरांवर ओरडणे. घरच्यांना आधीच सांगा की हे शरीर निकोटीनशिवाय चालायला शिकते आहे म्हणून होते. दोन ते चार आठवड्यांत बरेचसे ओसरते. विडी ओढणाऱ्याला खोकला काही दिवस वाढल्यासारखा वाटेल. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप, वजन घटणे असेल तर क्षयाची तपासणी करा. धूम्रपानाने क्षयाचा धोका वाढतो आणि दाटीच्या खोल्यांत तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

प्रत्येक तलफ लाटेसारखी चढते आणि साधारण पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्या, दहा वेळा लांब श्वास घ्या, जागेवरून उठा, कुणाला फोन करा. तोंडात लवंग, बडीशेप, ओवा, आवळ्याची फोड चालेल.

दारूचे काय? गोव्यात संध्याकाळी बारच्या बाकावर बसल्यावर विडी आपोआप हातात येते. पहिले तीन-चार आठवडे बारपासून लांब राहा. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका झटक्यात बंद करू नये. अंगाला कंप सुटणे, फिट येणे असे धोके असतात. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी बोला.

मदत कुठे

तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६. फोन फुकट आहे, वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. हाच क्रमांक पुडीवर आणि पाकिटावर छापलेला असतो. समुपदेशक तुमचा दिवस ठरवून घेतात आणि नंतर स्वतः फोन करून चौकशी करतात. खोलीत सगळे ऐकत असतील तर कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावा. मोबाइलवर संदेश हवे असतील तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या.

प्रत्यक्ष जायचे तर पणजी, म्हापसा, मडगाव, वास्कोची नागरी आरोग्य केंद्रे, चिखलीचे इस्पितळ, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळे. गेल्यावर 'तंबाखू सोडायची आहे, समुपदेशन कुठे होते' असे सरळ विचारा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे (गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचे) कार्ड पाच वर्षांच्या वास्तव्यावर मिळते, त्यामुळे नव्याने आलेल्यांकडे ते नसते. त्याची लाज बाळगून घरी बसू नका, क्विटलाइनला फोन करायला कुठलेच कार्ड लागत नाही.

घसरलात तर

एक विडी ओढली म्हणून सगळे संपले असे समजून पूर्ण बंडल संपवणे, इथेच बहुतेक प्रयत्न मोडतात. उरलेले त्याच क्षणी टाका. ती वेळ कोणती होती ते बघा आणि त्या एका वेळेपुरती तजवीज बदला. अनेकांची तंबाखू बऱ्याच प्रयत्नांनंतर सुटते.

संशोधनासाठी कुणी आले तर

आता दुसरी गोष्ट. निकोटीन गम आणि गोळ्यांचे बहुतेक पुरावे सिगारेट ओढणाऱ्यांवरच्या अभ्यासांतून आलेले आहेत. चघळायच्या तंबाखूवरचे अभ्यास कमी आणि मशेरीवरचे तर फारच थोडे. ज्या माणसांना मदत सर्वांत जास्त हवी, त्यांच्याबद्दलच माहिती सर्वांत कमी, हे मला अन्यायाचे वाटते. ती माहिती तुमच्यासारख्यांनी भाग घेतल्याशिवाय तयार होणार नाही.

गोव्यात असे घडलेले आहे. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने इथल्या आरोग्य केंद्रांत अभ्यास केले. नैराश्य-चिंतेच्या रुग्णांना आणि नंतर जास्त दारू पिणाऱ्या पुरुषांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मदत केली तर फायदा होतो का, हे तपासले. ते निष्कर्ष २०१० आणि २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. प्रशिक्षित साधा माणूसही अशी मदत करू शकतो, हे गोव्यातल्या केंद्रांत रांगेत बसलेल्या लोकांमुळे जगाला कळले.

भीती मात्र समजण्यासारखी आहे. बायण्यात २००४ साली सरकारी कारवाईत घरे पाडली गेली, ती आठवण असलेल्या माणसाला दारात फाइल घेऊन कुणी आले की पोटात गोळा येतो. म्हणून 'हो' म्हणण्याआधी पुढच्या गोष्टी शांतपणे विचारा.

तुम्ही कोण, कुठल्या संस्थेचे, पैसा कुणाचा? तंबाखू कंपनीचा पैसा असेल तर माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे. नैतिकता समितीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचे हित जपले जाते का ते तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का? माहितीपत्रकावर त्या समितीचा आणि मुख्य संशोधकाचा फोन हवा. औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. ती नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे, शिकणाऱ्या मुलाला मोबाइलवर शोधायला सांगा.

माहितीपत्रक तुमच्या भाषेत हवे, मराठी, कोंकणी, कन्नड किंवा हिंदी. वाचता येत नसेल तर ते पूर्ण वाचून दाखवले पाहिजे, आणि अंगठा घेताना संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. संमतीपत्राची एक प्रत तुमची, ती घरात जपून ठेवा. लगेच सही करायची गरज नाही, 'उद्या सांगतो' म्हणा. जो 'आत्ताच' म्हणून घाई करतो त्याच्यापासून सावध.

मुकादमाने, नगरसेवकाने किंवा नवऱ्याने 'हो' म्हटले म्हणजे तुमची संमती झाली असे होत नाही. कंत्राटदाराने सगळ्यांना एका रांगेत उभे करून सह्या घेतल्या तर ती संमतीच नव्हे. अठराखालच्या मुलांसाठी आईवडिलांची संमती लागते, आणि कळत्या वयाच्या मुलाला स्वतःलाही विचारले पाहिजे.

काय काय करणार ते नेमके विचारा. तंबाखूच्या अभ्यासात बहुतेक वेळा प्रश्नावली असते, कधी लाळ किंवा लघवी तपासतात (त्यात निकोटीनपासून शरीरात बनणारे कोटिनीन सापडले तर अंगात निकोटीन गेल्याचे कळते), कधी नळीत फुंकायला लावून कार्बन मोनॉक्साइड मोजतात. नमुना किती दिवस ठेवणार, नंतर आणखी कशासाठी वापरणार हेही विचारा. दोन गट असतील तर तुम्ही कुठल्या गटात जाल ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. दुसऱ्या गटात गेलात तर काय मिळेल? फक्त पत्रक मिळणार असेल तर अभ्यास संपल्यावर चांगला उपचार मिळेल का, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मुलाखत कुठे होणार? एका खोलीत सासू, दीर आणि मुले असताना सून मशेरीबद्दल खरे सांगणार नाही. अंगणवाडीत, दवाखान्यात किंवा मंदिराच्या मंडपात वेगळी बसायची जागा मागा. बुडालेली मजुरी आणि बसभाडे भरून देणे योग्य आहे, ते आधीच विचारून घ्या. मात्र ओटीपी, एटीएमचा पिन कुठल्याही अभ्यासाला लागत नाही. तो मागितला तर दार लावून घ्या.

मध्येच सोडायचे असेल तर कारण न देता सोडता येते, आणि त्यामुळे दवाखान्यातला तुमचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. औषधाच्या चाचणीत त्या औषधाने त्रास झाला तर फुकट उपचार मिळाला पाहिजे आणि इजा झाली तर भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. तक्रार संशोधकाकडेच करावी लागते असे नाही, माहितीपत्रकावरच्या समितीच्या क्रमांकावर सरळ फोन करा.

भाग घेतलात तर खरे सांगा. 'सोडली' म्हटल्याने संशोधक खूश होईल म्हणून खोटे सांगू नका. पुन्हा सुरू झाली असेल तर तेही सांगा, कारण अशा खोट्या 'सोडली'मुळे निकामी पद्धत चांगली ठरते आणि तीच उद्या तुमच्या शेजाऱ्याच्या गळ्यात पडते. पत्ता किंवा मोबाइल क्रमांक बदलला, काम संपून गावी निघालात, तर एक फोन करून कळवा. आणि पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की निकाल आमच्या भाषेत, आमच्या वस्तीत येऊन कधी सांगणार. ती तारीख किंवा महिना संमतीपत्राच्या तुमच्या प्रतीवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या.